ती सुसरीशी बोलायची, माझ्याशी नाही

सुसर बोलते हे मला माझ्या बायकोमुळं कळलं, आणि कळलं तेव्हा मला अजिबात बरं वाटलं नाही. पुस्तकात तिला मगर म्हणतात, आमच्या काठाला सुसरच म्हणतात. लोकांना वाटतं ती मुकी असते, ऊन खात पडते आणि तोंड उघडते ते गिळायला. लोकांना बरंच काही वाटतं. कौसा गेल्यावर भेटायला आलेला जो तो मला सांगायचा की माणूस जातं, आठवणी राहतात. मी म्हणलं, आठवणीला भाकर थापता येती का? मग ते चहा प्यायचे आणि जायचे. मला असं तोंडावर बोलायची खोड आहे. पण ती नंतर लागली, आणि लावली तीही तिनंच. लग्न झालं त्या हंगामात आमच्या बिऱ्हाडात सगळ्यात मुकं जनावर मीच होतो.

आमचं घर पावसाळ्यात गावात असायचं आणि पाणी ओसरलं की वाळूत. गोदावरीला आम्ही गंगा म्हणतो. दिवाळीनंतर गंगा आखडते, मधली वाळू उघडी पडते, आणि त्या वाळूत आम्ही टरबूज-खरबुजाची वाडी लावायचो. ओल लागेपर्यंत चर खांदायचे, त्यात शेळ्यामेंढ्यांचं लेंडीखत भरायचं, बी टोकायचं, आणि उडती वाळू वेलावर बसू नये म्हणून तुराट्यांचा कूड उभा करायचा. पाण्याला झिरा असायचा. वाळूत खड्डा केला की पाणी आपोआप झिरपून वर येतं, तो झिरा. त्यातून घागरी भरायच्या आणि वाकून वाकून प्रत्येक वेलाच्या बुडाला पाणी घालायचं. कंबर अशी धरायची की संध्याकाळी सरळ उभं राहिलं तर आपण दुसऱ्याच कुणाचे पाय घेऊन आलोत असं वाटायचं. आता त्या जागी वाळूच नाही. ट्रॅक्टर लावून लोकांनी ती नेली, आणि तिचे बंगले झाले. परवा नातवाला काठावर नेऊन दाखवलं, इथं आमची वाडी होती. तो म्हणला, आजोबा, इथं तर खड्डा आहे.

संक्रांतीच्या आधी सगळं बिऱ्हाड वाळूत यायचं. आबा म्हणजे माझा बाप, माय, धाकटा भाऊ रंगनाथ, मी, आणि त्या साली नवीच आलेली कौसा. राहायला एकच खोप, कापसाच्या वाळल्या पळाट्यांची. आत बायका निजायच्या, बाहेर आम्ही तिघं वाळूवर. चुलीवर सकाळी भाकरी, येसराची आमटी, नाहीतर झिंग्यांचं कालवण. टरबूज फुटलं तर त्याच्या पाठीची भाजी व्हायची, लाल भाग पोटात जायचा आणि बिया वाळत पडायच्या. आजारी माणसाला हुलग्याचं माडगं. असं खाऊनपिऊन सगळे ठणठणीत होते. माझंच पोट कायम जळायचं, आणि ते काही येसरानं नाही.

आमच्यात नव्या सुनेनं सासूसासऱ्यादेखत नवऱ्याशी बोलायचं नाही, अशी रीत. गावातल्या घरात ह्या रीतीला पळवाटा असतात. भिंत असते, परसदार असतं, आडावर जातायेता दोन शब्द होऊन जातात. वाळूत काय असतं? इकडून नजर टाकली की तिकडच्या काठावरचं गाढव दिसतं. कुठंही उभं राहिलं तरी आबा नाहीतर माय दिसतेच, म्हणजे आपणही त्यांना दिसतोच. त्यामुळं माझी बायको माझ्यापासून हातभर अंतरावर बसून, माझ्या ताटाकडं बघून मायला सांगायची, "आत्याबाई, त्यायला म्हनावं भाकर निवाया लागली."

माय पाट्यावर ठेचा रगडत म्हणायची, "सोपान, भाकर निवाया लागली म्हनती."

मी म्हणायचो, "माय, तिला म्हनावं आमटी वाढ."

माय तिला सांगायची आणि ती वाढायची. आबा मिशीतल्या मिशीत हसायचे. त्यांना गंमत वाटायची. त्यांच्या तरुणपणी त्यांनीही हेच भोगलं असणार, पण माणूस आपलं विसरतो आणि दुसऱ्याचं बघून हसतो.

दिराला मात्र सगळं माफ होतं. दिरानं वहिनीची थट्टा करावी, वहिनीनं उलट टोला द्यावा, सासू ऐकत असली तरी हरकत नाही. रंग्याला नुकती मिसरूड फुटत होती. दहावी नापास होऊन तो मोकळा झालता, आणि बाजाराला माल घेऊन गेवराईला जायचं काम त्यानं मागून घेतलं होतं. तेव्हा सगळं नवं नवं येत होतं. तो यायचा तो बातम्या घेऊन. स्टँडपाशी पिवळी पाटी लावून फोनची टपरी निघाली, एका हॉटेलात रंगीत टीव्ही आलाय, थंड बाटल्या काचेच्या कपाटात ठेवतात आणि कपाटालाच दिवा असतो. एकदा त्यानं पटक्याच्या शेवात बांधून एक चकचकीत पुडी आणली. केसाला लावायचा शाम्पू. तोवर आमच्या घरात केसाला शिकेकाई आणि सणाला वासाचं तेल, एवढंच माहीत.

"वैनी, हे लावा. केस सिनेमातल्या बाईवानी होत्यात."

"मंग भावजी, मला सिनेमात कोन नेनार? तुमी?"

माय हसली, आबा हसले. मी झिऱ्यावरून आलेलो, घागर वेलाच्या बुडाशी वाकडी करून ऐकत उभा राहिलो. भान आलं तेव्हा सगळी घागर एकाच वेलाला गेलती आणि कोवळा कोंब पाण्यावर तरंगत होता. दुसऱ्या दिवशी ती शेजारून गेली तर वास आला. चांगला वास होता. कुणी आणलेला वास आहे हे माहीत असल्यावर चांगला वासही नाकाला झोंबतो. मला कावून सुचलं नाही पुडी आणायचं? सुचलं असतं तरी दिली कशी असती? मायच्या हातानं?

वाडीच्या वरच्या अंगाला एक डोह होता. उन्हाळ्यातही त्याचा तळ दिसायचा नाही. तिथं सुसरी असायच्या आणि त्यात एक थोरला नर होता. माघातल्या सकाळी, पाण्यावर वाफ असताना, तो डोकं आणि शेपूट वर उचलायचा आणि मधली पाठ पाण्यात बुडवून ठेवायचा. आधी काही ऐकू यायचं नाही. त्याच्या पाठीवरचं पाणी तेवढं, तापल्या तव्यावर थेंब नाचावेत तसं, नाचायला लागायचं. मग घुमायचं. कानाला लागायच्या आधी बरगड्यांना लागायचं. खोपीतली पितळी आपोआप किणकिणायची. ते झालं की तो जबडा पाण्यावर फाडकन आपटायचा. मी लहानपणापासून हे ऐकत आलो होतो आणि मला वाटायचं त्याला ढेकर येतेय. आबाही तसंच म्हणायचे, "पचली वाटतं बकरी."

कौसा मात्र तो घुमायला लागला की हातातलं काम टाकायची. तिचा बाप वरच्या अंगाच्या एका गावात नाव चालवायचा. ती डोहाकाठीच वाढली होती. तिला सुसरीच्या आवाजाचं असं कळायचं जसं आपल्याला शेजारच्या घरातलं भांडण कळतं, कोण ओरडतंय आणि कशाला. हे सगळं ती रंग्याला सांगायची. मी लांब असायचो. तिचे हात हललेले दिसायचे, रंग्याची मान डोललेली दिसायची, शब्द वाऱ्यावर जायचे.

"काय म्हनत होती बे ती?" मी रंग्याला गाठायचो.

"कोन ती? माझी वैनी का तुझी बायको?"

"रंग्या."

"माझ्या वाटच्या घागरी आन, मंग सांगतो."

आणि मी आणायचो. माझ्याच बायकोचं बोलणं मी घागरी वाहून घेत होतो. मग तो कुडाला टेकून, मालकासारखे पाय पसरून सांगायचा. "वैनी म्हनती, आपल्या कानाला आवाज यायच्या आधी पान्याला कळतो. लांबच्या सुसरीला पान्यातून निरोप जातो, की मी हितं हाय. जबडा आपटला म्हंजी, हा डोह माझा हाय, कुनी शिरायचं न्हाई. आन पिल्लं तर अंड्यातूनच आईला हाक मारत्यात."

"अंड्यातून?"

"अंड्यातून. हाक आली की मंगच ती वाळू उकरती. न्हाईतर तिला काय कळनार आत शिजलं का न्हाई?"

"थापा मारती," मी म्हणलं.

त्या हरामखोरानं ते जाऊन तिला सांगितलं. ती पदर तोंडात धरून हसली, आणि रात्रीची भाकर वाढताना मायला म्हणली, "आत्याबाई, त्यायला म्हनावं वैशाख आला की बगा."

तिनं आपण होऊन माझ्यासाठी पाठवलेला, भाकरीचा नसलेला तो पहिला निरोप. मी त्या दिवशी एक भाकर जास्त खाल्ली.

शिमगा झाल्यावर एका सकाळी वाडीच्या वरच्या टोकाला, कुडाच्या पलीकडं, वाळूत ओढल्याची खूण दिसली. मधोमध शेपटीची रेघ, दोन्ही अंगांनी पंजे. सुसर वर येऊन अंडी घालून गेलती. नेमकी आमच्या शेवटच्या चराला लागून. आबा कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं आता कुदळ मागतील. ते म्हणले, "गंगा काय आपल्या बापाची न्हाई. तिनंबी वाडी लावली म्हना." आणि त्यांनी सांगून टाकलं की तो चर सोडून द्यायचा, तिकडं कुणी फिरकायचं नाही. सोडलेल्या चरातले वेल, देवाची करणी, सगळ्यात जोरात धरले. पट्टेवाली टरबुजं, एकएक पोरागत दोन्ही हातांनी उचलावी लागंल अशी.

ती सुसर तिथून हललीच नाही. काठाशी पाण्यात बुडून असायची, नुसते डोळे आणि नाकाचा शेंडा वर. कुणी कुडाच्या पलीकडं पाय टाकला की अशी फुस्कारायची की पाय आपोआप मागं यायचा. कौसा कधी कूड ओलांडायची नाही. अलीकडं उकिडवी बसायची, ओठ मिटायची आणि गळ्यातून बारीक आवाज काढायची, "उंक… उंक…" पोरानं झोपेत कुंथावं तसा. पाण्यातल्या त्या डोळ्यांखाली गळ्याची पिशवी हलायची आणि खालून गुरगुर यायची, जड, हळू. ही परत उंक. ती परत गुर्र. दोघी बायका पाणवठ्यावर बसल्यासारख्या. ती माणसाळली होती असं मी म्हणत नाही, सुसर माणसाळत नसती. पण जबाब देत होती. आणि मी चरात घागर घेऊन उभा. उभ्या दिवसात मला शब्द नाही, आणि ह्या खडबडीत पाठीच्या, शिळ्या मासळीचा वास मारणाऱ्या जनावराशी गुजगोष्टी! कुणी म्हणलं माणूस सुसरीवर जळतो का? जळतो. मी जळलोय. वर रंग्या तिच्या शेजारी बसून तोच आवाज शिकत होता. त्याला आठ-पंधरा दिवसांत जमायलाही लागला. कौसा म्हणायची, "भावजी, अजून खालून. पोटातनं." आणि तो पोटातनं काढायचा.

मीही करून बघितलं. झिऱ्यात वाकायचो, डोकं खड्ड्यात घालायचो म्हणजे कुणाला ऐकू जाऊ नये, आणि घसा खरवडायचो. वगारीच्या गळ्यात कडबा अडकावा तसा आवाज यायचा. एकदा मायनं वरून विचारलं, "सोपान, पोटात दुखतंय का रं? माडगं करू?"

वैशाखातली आखाजी झाली, वाडी संपत आली. बीडचा बागवान, रहीमचाचा, टेम्पो घेऊन शेवटच्या मालाला येणार होता. आदल्या फेरीलाच तो वरच्या टोकाकडं बघून हळहळून गेलता. "अबे काका, वो कोने में इत्ता अच्छा माल पड़ा है, उतारते कायकू नहीं?"

आबा म्हणले, "मालकीन उतरू देत न्हाई."

चाचानं माझ्याकडं बघितलं. त्याला वाटलं माझ्या बायकोबद्दल चाललंय. सगळे हसले. मी सोडून.

मग ती सकाळ आली. चुलीवर चहा उकळत होता, आणि रंग्या कुडापाशी पालथा पडून ओरडला, "आबा! बोलाया लागले!"

आम्ही सगळे धावलो. कुडाच्या अलीकडं, जिथपर्यंत जाता येतं तिथपर्यंत, वाळूला कान लावून पडलो. आबासुद्धा, पटका काढून. आधी मला माझंच रक्त ऐकू येत होतं. मग लांबून, खालून, गाडग्यात बेडकं कोंडल्यासारखं आलं. उंक. उंक उंक. एक गप्प झालं की दुसरं. वाळू बोलत होती. मी डोळे उघडले तर समोर वाळूला गाल टेकलेली कौसा, डोळे मिटून हसत असलेली, आणि आमच्या मधोमध रंग्याचं टाळकं.

ती उठून पदर झटकत मायला म्हणली, "आत्याबाई, मामंजीला म्हनावं आज कुनी तिकडं जाऊ ने. ती आज वर येनार. पिल्लं नेली की टरबुजं आपलीच हायेत."

"ऱ्हाऊ द्या," आबा म्हणले. "चाच्याला आपुन चहा पाजू. थांबल."

तेव्हा रंग्याला ऊत आला. तो कुडापाशी उकिडवा बसला, ओठ मिटले आणि पोटातनं आवाज काढला. अगदी खालच्या पिल्लांसारखा. पाण्यातली सुसर सरकत उथळ पाण्यात आली, डोकं वर काढलं आणि गुरगुरली. त्याच्याशी. आबांनी मांडीवर थाप मारली, "रंग्या, तू तर तिचा भाऊच झाला बे!" मायनं दुरूनच त्याच्यावरून बोटं मोडली. आणि कौसाच्या डोक्यावरचा पदर खांद्यावर आलता, तिचं तिला भान नव्हतं, ती रंग्याकडं बघून अशी हसत होती जशी माझ्याकडं बघून कधी हसली नव्हती. मला त्या घटकेला वाटलं, संपलं. ही बाई जन्मभर माझ्याशी मायच्या तोंडानं बोलणार, आणि माय मेली की तेही बंद.

"चाचा यायच्या आत दोन टरबुजं आनतो," मी मोठ्यानं म्हणलं आणि कूड ओलांडला.

"सोपान! आरं ए!" आबा ओरडले. मला ऐकू आलं. मी ऐकलं नाही. टरबूज कुणाला पाहिजे होतं? मला तिनं बघायला पाहिजे होतं. मी शेवटच्या चरात जाऊन एक पट्टेवालं तोडलं, पोटाशी धरलं, आणि पायाखाली ती पिल्लं बोलत असताना, सुसरीकडं तोंड करून, मीही हाक घातली.

घसा कोरडा पडला होता. आवाज पोटातनं आला नाही, नरड्याच्या शेंड्यातनं आला, बारीक आणि कडक. कुत्र्याच्या पिलावर पाय पडल्यावर निघतो तसा. मला तेव्हा माहीत नव्हतं, नंतर कळलं, की सुसरीच्या पिल्लांना दोन आवाज असतात. एक म्हणतो, आम्ही इथं आहोत. दुसरा म्हणतो, मला कुणीतरी धरलंय. पहिल्या आवाजाला आई जबाब देते. दुसऱ्याला जबाब देत नाही, येते.

पाणी फाटलं. सुसर पोटावर सरपटते असं ज्यांना वाटतं त्यांनी ती पिल्लाच्या बोंबेवर येताना बघावी. चारी पाय ताठ, पोट वाळूपासून वर, वाळू दोन्हीकडं उडतेय. मी टरबूज कवटाळून उभा. पाय म्हणजे कुणीतरी रोवलेले खुंट. आणि मागून असा आवाज आला की डोहाचा थोरला नरसुद्धा तसा कधी घुमला नसंल.

"आरं ए मुडद्या! बहिरा हायस का? टाक ते आन पळ! सोपान्याऽ! पळ की रं!"

मी टरबूज टाकलं. ते सुसरीच्या पुढ्यात फुटलं. मी पळालो, कुडात पाय अडकला, कुडासकट अलीकडं पडलो. तोंडात वाळू, पाठीवर तुराट्या, आणि माझी बायको माझा सदरा धरून मला ओढतेय, अजून ओरडतेय, "डोळं फुटल्यात का तुझं? मेला असतास!" सगळं एकेरीत. सासऱ्यादेखत. डोक्यावर पदर नाही.

सुसर माझ्या मागं आलीच नाही. ती त्या जागेवर थांबली, जबडा उघडून एकदा फुस्कारली आणि वाळू उकरायला लागली. आम्ही पडलेल्या कुडामागं जसेच्या तसे बसून राहिलो. तिनं पुढच्या पंज्यांनी वाळू बाजूला केली तसा खालचा आवाज मोठा झाला, सगळी एकदमच बोलायला लागली. तिनं मान वाकडी करून त्यांना तोंडात घेतलं, एकएक, त्या दातांच्या आत. एक अंडं फुटलं नव्हतं. तिनं ते जिभेवर घेतलं आणि जबड्यात हळूच घोळवलं, बाई दाताखाली भाजकी शेंग धरते आणि दाणा मोडू देत नाही तसं, आणि आतलं पिल्लू बाहेर आलं. मग ती तोंड भरून पाण्याकडं गेली. चालताना तिच्या तोंडातून उंक उंक येत होतं.

ती पाण्यात दिसेनाशी झाली. तेव्हा कौसाला कळलं की आपण काय बोललो आणि कुणापुढं. तिनं पदर हनुवटीपर्यंत ओढला आणि तिथंच वाळूत बसली. खांदे हलत होते. रडतेय का थरथरतेय, कळत नव्हतं. रंग्या म्हणला, "वैनी, आज थेट दादाशीच?" मायनं त्याच्या पाठीत धपाटा घातला.

आबांनी पटका उचलला, झटकला, सावकाश बांधला. मला वाटलं आता तिला बोलणार, तिच्या बापाला निरोप जाणार. मी तोंड उघडायला निघालो होतो, काय बोलणार होतो देवाला माहीत. ते मायला म्हणले, "वाडी उठायला अजून येळ हाय. खालच्या कडंला दुसरी एक खोप घाला. ह्या दोघायचं जे काय भांडन व्हायचं ते तिथं होऊ द्या. मला हितं तमाशा नको." आणि चाचाचा टेम्पो भरून गेल्यावर त्यांनीच पळाट्या ओढल्या आणि सुंभाच्या गाठी मारल्या.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी आम्ही दोघं त्या खोपीच्या सावलीत बसलो. ती फडक्यावर पुढच्या सालाचं बी पसरत होती, माझ्याकडं पाठ करून. मी हंगामभर बोलायचं साठवून ठेवलं होतं, त्यातलं एक आठवेना. शेवटी तोंडातून निघालं तेच, जे पोटात जळत होतं.

"रंग्याला शिकिवलं. मला कावून न्हाई?"

"भावजी इचारायचे."

"मी कसा इचारनार? मधी माय."

"आत्याबाईकडून इचारायचं. मी धाडत होते की निरोप. तुमचा निरोप एकच. आमटी वाढ."

मी फडक्याचं एक टोक सरळ केलं. ऊन वाळूवर पांढरं झालं होतं. मग म्हणलं, "आता शिकव."

ती वळली. माझ्याकडं तोंड करून बसली. ओठ मिट म्हणली, गळा ढिला सोड, पोट आत घे. माझ्या नरड्यावर दोन बोटं ठेवून बघितली. मी आवाज काढला. तिनं लई गंभीर होऊन ऐकला, परत काढायला लावला, परत ऐकला, आणि मग अशी हसत सुटली की फडक्यावरचं बी वाळूत सांडलं. मला वाटलं आबा येतात काय बघायला.

"न्हाई जमायचं तुमाला," डोळे पुसत ती म्हणली. "तुमी आपलं मानसावानी बोलत जा."

तसा मी बोलत गेलो. पोरांची लग्नं, वाडी मोडली तेव्हाचं, वाळूवाल्यांशी झालेली मारामारी, तिचं दुखणं, सगळं बोलून झालं. ती ऐकायची आणि दुप्पट बोलायची. आता रंग्या आठवड्याला येतो. पोट सुटलंय, दात गेलेत. ओट्यावर बसतो आणि मधूनच सांगतो, "दादा, वैनी तवा डोहाकडं बगून काय म्हनली होती माहीत हाय का?" मला माहीत नसतं. मी लांब घागर घेऊन उभा होतो. मी त्याच्यासमोर चहा ठेवतो आणि म्हणतो, सांग. तो सांगतो, हसतो, आणि तो हसला की माझ्या पोटात तसंच जळतं. तो एक हंगाम त्याच्याकडं आहे. बाकीचं सगळं आयुष्य माझ्याकडं आहे, आणि मला तोच पाहिजे.